बेसबॉलच्या पोरांचा पावसाळा : नव्या कोचसाठी एप्रिल ते दिवाळी

मार्चमध्ये शेवटचा सामना होतो, दहावीच्या पोरांच्या परीक्षा लागतात आणि बेसबॉलचं सामान शाळेच्या कपाटात जातं. ते बाहेर निघतं गणपती झाल्यावर. मग कधीतरी स्पर्धेचं पत्र येतं आणि पंधरा दिवसांत पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, तयार करायचा घाट घातला जातो. पोरं उमेदीनं फेकतात आणि आठवड्याभरात त्यातलं एखादं कोपर धरून बसतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांनी नव्यानं बेसबॉल शिकवायला घेतलंय, मग ते पीटीचे सर असोत, क्रिकेट सोडलेले दादा असोत की पोरांमागे मैदानावर येणारे पालक, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सांगायचं ते एवढंच की मधल्या सहा-सात महिन्यांत काय करायचं याला एक क्रम आहे. आधी हाताला विश्रांती, मग पाय आणि कंबर, मग बॅट आणि ग्लोव्ह, आणि सगळ्यात शेवटी फेक. बहुतेक ठिकाणी हाच क्रम उलटा होतो.

खालचे महिने मी दिवाळीनंतर ते मार्च असा मोसम धरून लिहिलेत. तुमच्या शाळेच्या स्पर्धा लवकर असतील तर महिने मागे सरकवा, पण क्रम तोच ठेवा. आणखी एक लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे जुलैत मैदान दिसतसुद्धा नाही, बेळगाव शहरात चिखल असतो, तर अथणी-रायबागकडे त्याच दिवसांत मैदान कोरडं असू शकतं. अथणीच्या कोचनी पावसाऐवजी एप्रिल-मेच्या उन्हाची काळजी करावी आणि सकाळी साडेआठच्या आत पोरांना घरी पाठवावं.

एप्रिल आणि मे : हात बंद

नव्या कोचला हे सगळ्यात अवघड जातं, कारण यात करायचं काहीच नसतं.

बेसबॉलचा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा हलका. त्यामुळे कितीही फेकला तरी काय होणार, असं पोरांना वाटतं. पण भार बॉलच्या वजनाचा नसतो. बॉलिंग करताना हात सरळ फिरतो. पिच करताना कोपर वाकलेलं असतं आणि एका झटक्यात सरळ होतं. तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूला बसतो. मोठ्या माणसात तिथला स्नायूबंध तो ताण घेतो. पोरांत मात्र हाड वाढण्याची जागा अजून कूर्चेची, कच्ची असते आणि साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत ती भरून आलेली नसते. कोवळा ऊस पेऱ्यावर मोडतो तसंच हे, जोड जिथं कच्चा तिथंच दुखणं उभं राहतं. खांद्यालाही हाच धोका आहे.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल (तिकडची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिकडची राष्ट्रीय संघटना) यांनी मुलांच्या पिचिंगसाठी ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक सूत्रं काढली आहेत. त्यात लहान वयाच्या पिचरला वर्षातून किमान चार महिने फेक बंद आणि त्यातले दोन-तीन महिने सलग, असं स्पष्ट म्हटलंय. २००६ साली तिकडे शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या तरुण पिचरांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धेत पिच करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट निघाली. हात थकलेला असताना नेहमी फेकत राहणाऱ्यांत ती छत्तीसपट होती. ही दुसरी संख्या प्रत्येक कोचनी भिंतीवर लिहून ठेवावी.

म्हणून मार्चअखेर पोरांना सांगून टाका, एप्रिल ते जुलै बॉल जोरात फेकायचा नाही. पिचर आणि कॅचरनी (बॅटरच्या मागे बसून पिच झेलणारा) तर नाहीच.

आता आपल्याकडची खरी अडचण. बेसबॉल बंद झाला म्हणजे हात बंद झाला असं होत नाही. सुट्टी लागली की गल्लोगल्ली टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. ज्याचा हात जोरदार, त्यालाच सगळे बॉलिंग देतात आणि बाउंड्रीवरही तोच उभा असतो. शिवाय कैऱ्या, चिंचा, आवळे पाडायला दगड भिरकावणं आलंच. हे सगळं खांद्यावरून फेकणंच आहे. पोराला क्रिकेट खेळू नको म्हणून काही उपयोग नाही, आणि तसं म्हणूही नये. त्याऐवजी घरी गेल्यावर आई-वडिलांशी बोला. “काका, सुट्टीत यानं क्रिकेट खेळावं, पण बॉलिंग नको. कीपिंगही नको. बॅटिंग करू दे, स्लिपला उभं राहू दे.” घरचे ऐकतात, फक्त कारण नीट सांगावं लागतं. पोहणं, खो-खो, कबड्डी, फुटबॉल हे खेळ या दोन महिन्यांसाठी उत्तम. बेसबॉलमध्ये बॅटर होमवरून म्हणजे बॅटिंगच्या जागेवरून निघून तीन बेस, म्हणजे थांबायचे टप्पे, ओलांडून परत होमला येतो. खो-खो खेळणारं पोर पुढे चोरटी धाव घेण्यात, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठण्यात, पटाईत होतं. वाकून बसण्यातून उठून पहिल्या तीन पावलांत वेग घ्यायची सवय त्याला आधीच असते.

सुट्टीआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, कोपर किंवा खांदा दुखतोय का? पोरं कोचसमोर ‘नाही सर’ म्हणतात, म्हणून हात लावून बघा. कोपर अर्धवट वाकवायला सांगा आणि आतल्या बाजूचं टोकदार हाड अंगठ्यानं हलकं दाबा. दुसऱ्या कोपरापेक्षा तिथं जास्त दुखलं, हात पूर्ण सरळ होत नसला किंवा सूज दिसली, तर पोराला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि ते सांगेपर्यंत फेक बंद ठेवा. तेल चोळून, पट्टी बांधून खेळवू नका.

पालकांपैकी कुणीतरी म्हणतंच की, भालाफेक करणारी उत्तर प्रदेशातली दोन मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ साली एका स्पर्धेतून निवडली गेली आणि वर्षाच्या आत पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन क्लबशी करारबद्ध झाली, मग आमच्या पोराला एवढं सावकाश का? ती दोघं तेव्हा एकोणीस-वीसची होती, हाडं पक्की झालेली होती आणि पूर्णवेळ प्रशिक्षक त्यांच्यामागे होते. तेरा वर्षांच्या पोराला तो हिशेब लावू नका.

जूनचा पहिला पंधरवडा : वही, कागद, सामान

शाळा सुरू झाल्या की एक जाड वही घ्या आणि प्रत्येक पोराला दोन पानं द्या. जन्मतारीख, उंची, वजन, कुठला हात, कुठे दुखतं, आणखी कुठला खेळ खेळतो एवढं लिहा. उंची दर महिन्याला मोजा. एखादं पोर दोन-तीन महिन्यांत भराभर वाढलं तर त्याचा तोल आणि फेक दोन्ही बिघडतात आणि दुखणंही याच काळात उद्भवतं. अशा पोराला रागवू नका, त्याचा भार कमी करा.

जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार यांच्या प्रती आत्ताच गोळा करा. नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, हा आपल्या सीमाभागातला जुना ताप आहे. मराठी नाव कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतंच. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं तर पोर बाहेर बसतं. शालेय स्पर्धेत पोर कुठल्या राज्याकडून खेळणार हे शाळा कुठे आहे त्यावर ठरतं. निपाणीत राहून पलीकडे कागलच्या शाळेत जाणारं पोर निपाणीच्या शाळेच्या टीममध्ये धरू नका.

सामानाचं सांगायचं तर ग्लोव्ह आधी बघा. नवीन पोरं हमखास विचारतात, ग्लोव्ह कुठल्या हातात? ज्या हातानं फेकतो त्याच्या उलट हातात. उजवा असेल तर डाव्या. डावखुऱ्याला वेगळा ग्लोव्ह लागतो, म्हणून मेरठ-जालंधरच्या मालाची ऑर्डर देताना टीममध्ये डावखुरे किती हे आधी मोजा. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. ग्लोव्ह कपाटात कोंबू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, खोबणीत एक जुना बॉल ठेवा, दोरीनं हलका बांधा आणि वारा लागेल असा टांगा. भिजला तर सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवला की चामडं तडकतं. तेल बोटभर पुरे, जास्त झालं की ग्लोव्ह जड आणि लिबलिबीत होतो. चामड्याचा बॉल पाणी पितो आणि जड होतो, म्हणून ओला बॉल फेकायला कधीच देऊ नका. पावसाळ्यात रबरी आणि टेनिस बॉल वापरा.

दोन्ही कान झाकणारी हेल्मेट आणि कॅचरचं मास्क, छातीचं पॅड, लेगगार्ड, जांघेचा कप (गार्ड) यांत काटकसर नको. पैसे कमी असतील तर बॅट एक कमी घ्या. क्रिकेटचं हेल्मेट चालेल का, असं विचारतात. चालत नाही. त्याची जाळी आणि आकार वेगळ्या खेळासाठी आहे.

जून-जुलै : पाय, कंबर, तालीम

पिचरचा वेग हातातून येतो असं वाटतं, पण तो मागच्या पायाच्या रेट्यातून निघतो, कमरेच्या पिळातून वर चढतो आणि हाताला शेवटी मिळतो. पाय आणि कंबर कच्ची असली की तेवढा वेग हात एकटा काढायला बघतो आणि कोपर जातं. म्हणून हे दोन महिने मांड्या, ढुंगण, पोट आणि पाठीसाठी.

आपल्याकडे यासाठी जिम शोधत बसायचं कारण नाही. गावोगावी तालमी आहेत. येळ्ळूर, कंग्राळी, मुतगा, किणये, कुठलंही गाव घ्या, कुस्तीची परंपरा आहे. वस्तादांना जाऊन भेटा, पोरांना आठवड्यातून दोनदा तासभर येऊ द्याल का विचारा. चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, मग व्यायाम, ही शिस्त पोरांच्या अंगी लागली तर टीमचं भलंच आहे. मात्र वस्तादांना आधी सांगून ठेवा की ही पोरं पैलवान करायची नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या पोराला दहा-दहा बैठकांचे तीन फेरे आणि सहा-आठ जोरांचे दोन फेरे पुरतात. पाचशे बैठकांची ईर्षा इथं नको. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या दिशेत राहतोय का आणि पाठ सरळ आहे का, एवढंच बघा. दोरी चढणं मनगटाला आणि पकडीला फार चांगलं. मुदगल फिरवणं खांदा मोकळा करतं, पण हलका लाकडी मुदगल, वस्तादांच्या नजरेखाली आणि खांदा दुखत नसेल तरच.

तालीम नसेल तिथं शाळेचा व्हरांडा पुरतो. दोन्ही कोपरांवर आडवं राहून पोट घट्ट धरणं, आधी वीस सेकंद, महिन्याभरात चाळीस. एका पायावर उभं राहून हळूच वाकून समोरचा खडू उचलणं, दोन्ही पायांनी. पाठीवर झोपून कंबर वर उचलणं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खिडकीच्या गजाला बांधा, कोपर कुशीला चिकटवून हात आत-बाहेर ओढायला लावा. मोजून पंधरा-पंधरा वेळा. ही ट्यूबची कसरत दिसायला किरकोळ आहे, पण खांद्याच्या मागचे बारीक स्नायू तीच धरते. फेक संपल्यावर वेगानं निघालेला हात थांबवायचं काम त्या स्नायूंचं असतं. मी हिच्यावर कुठल्याही जड वजनापेक्षा जास्त भरवसा ठेवतो.

पळण्यात मैलच्या मैल धावायला लावू नका. होम ते पहिला बेस हे अंतर लहान मुलांच्या मैदानावर ६० फूट, मोठ्यांच्या ९० फूट. पोराला तेवढंच, पण जीव तोडून पळायचंय. पाऊस उघडला की पंधरा-वीस मीटरच्या सहा ते आठ धावा, मध्ये पूर्ण दम घेऊन. बेळगावची पोरं व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत सकाळी पळू शकतात. येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण मांड्यांना छान, पण मुसळधार पावसात निसरड्या वाटेवर पोरं नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की लगेच आडोसा घ्या, झाडाखाली नव्हे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच मैदानात या.

लावणीच्या दिवसांत खानापूर आणि बेळगाव तालुक्यातली निम्मी पोरं शेतात असतात. ती सरावाला आली नाहीत म्हणून नाव कापू नका. दिवसभर वाकून भाताची रोपं लावलेल्या पोराची पाठ आधीच दमलेली असते. त्या आठवड्यात त्याला बैठका नकोत, अंग ताणून मोकळं करणं पुरे.

खाण्याबद्दल थोडक्यात. बाहेरचे डबे, पावडरी यांची गरज नाही. नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी. पण सरावाआधी उपाशी नको. सकाळी नुसत्या चहावर आलेलं पोर अर्ध्या तासात ढेपाळतं.

जुलै ते मध्य ऑगस्ट : छपराखालची बॅट आणि ग्लोव्ह

आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि मंगल कार्यालयं ओस पडतात. मालकाला भेटा, आठवड्यातून दोन संध्याकाळी हॉल मागा. मऊ बॉलच वापरू, काच फुटणार नाही, असा शब्द द्या आणि पाळा. जुने मोजे गुंडाळून शिवलेले बॉल यासाठी उत्तम. देवळाचा सभामंडप, शाळेचा हॉल हेही चालतात.

बॅटिंग टी, म्हणजे फटका मारायला बॉल ठेवायचा खांब, विकत घ्यायची गरज नाही. रंगाचा रिकामा डबा घ्या, त्यात दीड इंची पीव्हीसी पाइप अडीच फूट उभा धरून सिमेंट-खडी ओता आणि दोन दिवस वाळू द्या. त्या पाइपात सैल बसेल असा एक बारीक पाइप घ्या. दोन्हींना तीन-चार ठिकाणी आरपार भोकं पाडा आणि खिळा घालून उंची बदला. वरच्या टोकाला मात्र फूटभर रबरी होज पाइप घट्ट बसवा. बॅट चुकून पाइपावर बसली तर रबर लवतं आणि पोराचं मनगट झिणझिणत नाही. होजचं तोंड थोडं कात्रीनं चिरलं की बॉल त्यावर नीट बसतो. समोर पाच-सहा फुटांवर दोरीला जुनी घोंगडी किंवा दुहेरी ताडपत्री टांगा. ती खाली सैल सोडा. ताणून बांधली तर बॉल परत पोराच्या अंगावर येतो.

क्रिकेटमधून आलेल्या पोराची बॅट सरळ, वरून खाली येते. सवय मोडायला वेळ लागतो, म्हणूनच हे काम मोसमाबाहेर करायचं. टीची उंची कमरपट्ट्याएवढी ठेवा आणि टी पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा, पोटासमोर नाही. दोन्ही हात एकमेकांना चिकटून, उजव्या बॅटरचा उजवा हात वर. बॅट तळहातात खोल रुतवायची नाही, बोटांत धरायची. आधी पुढचा पाय हलका टेकतो, मग कंबर वळते, मग हात येतात. पोराला म्हणा, “पोटाचं बटण बॉलकडे फिरव.” एवढ्यानं बऱ्याच जणांची बॅट आपोआप आडवी होते. दहा-दहाचे चार फेरे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. शंभर-दीडशे फटके मारून घेतले की शेवटचे पन्नास दमलेल्या अंगानं मारलेले असतात आणि पक्की होते ती चुकीची सवय.

आणखी एक क्रिकेटची सवय म्हणजे पोर बॅट घेऊन पळतं. प्रत्येक फटक्यानंतर बॅट शेजारी खाली टाकून तीन पावलं पळायला लावा, हॉलमध्येसुद्धा. बॅट भिरकावायची नाही, मागे कॅचर असतो.

ग्लोव्हचं काम भिंतीवर करा. पोर भिंतीपासून तीन मीटरवर, टेनिस बॉल खालून टाकायचा, परत येणारा घ्यायचा. खालून टाकल्यानं हाताची विश्रांती मोडत नाही. आधी ग्लोव्हशिवाय दोन्ही हातांनी घेऊ दे, मग ग्लोव्हनं. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) घेताना ग्लोव्ह जमिनीला टेकलेला हवा आणि खालून वर यायला हवा. वरून खाली नेला की बॉल त्याखालून निसटतो. गुडघे वाकव, ढुंगण खाली कर, बॉल नाकासमोर घे, एवढं बोलणं पुरे. पहिला अर्धा महिना बॉल तुम्ही हातानं घरंगळत सोडा. जोर नंतर.

उंच उडालेल्या बॉलखाली दोन पोरं एकमेकांवर आदळतात, हा या खेळातला वाईट अपघात आहे. आपल्या टीममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही घरची पोरं असतात. एक ‘माझा’ ओरडतो, दुसरा ‘नन्नदु’, आणि दोघांना वाटतं आपण सांगितलंय. म्हणून जुलैतच सगळ्यांनी मिळून एकच हाक ठरवा, ती तीनदा ओरडायची आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. हॉलमध्ये मोज्यांचे बॉल उडवून हा सराव रोज पाच मिनिटं करा.

पावसाचा एक फायदाही घ्या. स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं, शिकवायला ओल्या गवतासारखी जागा नाही. गवतावर मोठी ताडपत्री अंथरा, पाणी असतंच. बूट काढून, जाड पँट घालून पोरांना पळत येऊन बसू द्या. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ आणि जमिनीपासून जरा वर, हनुवटी छातीला, हात वर. हात मागे टेकला की मनगट मोडतं, म्हणून दोन्ही मुठीत थोडं गवत धरायला द्या, हात आपोआप वर राहतात. डोकं पुढे करून स्लाइड लहान मुलांना शिकवूच नका. खाली दगड, काच नाही हे आधी स्वतः चालून बघा आणि खरचटलं तर साबणानं धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख बघा. पोरांना हा दिवस वर्षभर आठवतो. पावसात घरी बसलेली नवी पोरंही याच दिवशी येऊन टीममध्ये राहतात.

पंधरा ऑगस्टनंतर : बॉल हातात

झेंडावंदन झालं की फेक सुरू. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. चेंडू शिवणीच्या आडवा, पहिली दोन बोटं वर, अंगठा खाली. उजव्यानं फेकणाऱ्याचा डावा पाय समोरच्याच्या दिशेनं पडला पाहिजे. कोपर खांद्याच्या पातळीत, खाली पडायला नको. फेकल्यावर हात उलट्या गुडघ्याच्या बाहेर जाऊन संपू दे, मध्येच थांबवायचा नाही. क्रिकेटमध्ये बॉल उचलून बाजूनंच स्टंपवर झटकायची सवय लागते. ती इथं मोडावी लागते, कारण बेसवरच्या पोराला बॉल छातीवर हवा असतो.

पहिले दोन आठवडे ३० फुटांवरून पंधरा-पंधरा फेकी, मध्ये पाच-सात मिनिटं विश्रांती. पुढचे दोन आठवडे ४५ फुटांवरून वीस-वीस. मग ६० फुटांवरून पंचवीस-पंचवीस, आणि मोठ्या मुलांसाठी त्यापुढे ९० फूट. जोर निम्म्यापासून सुरू करा, अंतर वाढेल तसा तो आपोआप वाढतो. कुठेही दुखलं तर त्या दिवशी बंद, आणि पुढच्या वेळी एक टप्पा मागे. स्नायू भरून आल्याचं दुखणं दोन दिवसांत जातं. कोपराच्या आत किंवा खांद्याच्या टोकाला बोट ठेवून दाखवता येतं ते दुखणं वेगळं, तिथं डॉक्टर.

गणपतीच्या दिवसांत पोरं रात्री मंडपात जागतात. ते दहा दिवस टप्पा वाढवू नका, होता तोच ठेवा.

कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा पिच, शिकवा म्हणून पोरं मागे लागतील, मोबाइलवर बघून स्वतःच सुरूही करतील. वयाच्या बारापर्यंत सरळ जोरदार पिच आणि हात तसाच फिरवून टाकलेला हळू पिच, हे दोनच. ते दोन्ही हव्या त्या जागी पडायला लागले की तेरा-चौदाव्या वर्षी पुढचं बघू. फिरणाऱ्या पिचपेक्षा सांगाल तिथं पडणारा पिच लहान वयात जास्त बॅटर बाद करतो.

दसऱ्याच्या आसपास : मैदान आणि मोजणी

खंडेनवमीला बॅटी-ग्लोव्हांची पूजा झाली की मैदान आखा. एक न ताणणारी नायलॉनची दोरी घ्या, लहान मैदानासाठी तिला ६० फुटांवर आणि ८४ फूट १० इंचांवर गाठ मारा. होमपासून सरळ ६० फुटांवर पहिला बेस, ८४ फूट १० इंचांवर दुसरा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पुन्हा ६० भरलं की कोन बरोबर आला. तिसरा तसाच. पिचरची पट्टी होमच्या मागच्या टोकापासून ४६ फुटांवर. मोठ्या मैदानाला बेस ९० फुटांवर, होम ते दुसरा १२७ फूट ३ इंच आणि पिचर ६० फूट ६ इंचांवर. तुमच्या स्पर्धेत कुठल्या वयोगटाला कुठलं अंतर आहे हे आयोजकांना आधीच विचारा. बेस म्हणून पोत्यात भुसा भरून चपटा शिवा. वीट-दगडाचा बेस नको, घोटा मुरगळतो.

आता पिचर होमकडे पिच करू लागेल. पहिल्या आठवड्यात पंधरा, मग वीस, असं वाढवा. एकच पोर पिचर आणि कॅचर दोन्ही करत असेल तर एका दिवशी एकच काम द्या, कारण कॅचरही प्रत्येक पिचमागे एक बॉल परत फेकतोच.

मोजायला एका राखीव खेळाडूला पेन्सिल-वही द्या, दर पिचला एक रेघ. पिच स्मार्टची दिवसाची मर्यादा ९-१० वर्षांना ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. या कमाल मर्यादा आहेत, तेवढे टाकलेच पाहिजेत असं नाही. आपल्या नव्या पोरांना पहिल्या महिन्यात मी याच्या निम्म्यावर थांबवीन. चौदापर्यंतच्या पोरानं २१ ते ३५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या वर गेलं की चार. दोन दिवसांत स्पर्धा संपवणारे आयोजक असतात, तिथं हा हिशेब अडचणीचा होतो. म्हणून टीममध्ये किमान चार पोरांना पिच करता आलं पाहिजे. ती चार पोरं कोण, हे जूनच्या वहीतूनच निवडायला लागा.

पालकांची एक बैठक याच सुमारास घ्या. सामन्याच्या तारखा, चाचणी परीक्षा आणि शिकवण्यांच्या वेळा एकाच कागदावर लिहून द्या. दहावीच्या पोरांना डिसेंबरनंतर सवलत मिळेल हे आधीच सांगा. ‘या खेळात पुढे काय?’ असं विचारलं तर खोटी आशा दाखवू नका. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल आहे हे खरं, पण आपल्या पोराला आज मिळतं ते म्हणजे रोजचा व्यायाम, टीम आणि शालेय स्पर्धेतली एक संधी. शेवटी मोजणीची वही पालकांच्या हातात द्या आणि सांगा, तुमच्या पोराची मर्यादा या पानावर आहे, ती संपल्यावरही मी त्याला मैदानात ठेवला तर तुम्ही मला थांबवायचं.